हाकोनेचं विणलेलं रान

जपानमधल्या हाकोने-युमोतोहून सुटणारी डोंगरातली छोटी गाडी तीनदा थांबते आणि दिशा बदलून पुन्हा चढायला लागते. चढच एवढा खडा आहे. जून-जुलैत रुळांच्या दोन्ही कडांना हायड्रेंजिया फुललेला असतो. चोकोकु-नो-मोरी स्टेशनला उतरलं की दोन-तीन मिनिटांवर हाकोने ओपन-एअर म्युझियम. १९६९ साली उघडलेलं हे संग्रहालय हेन्री मूरच्या शिल्पांसाठी आणि पिकासोच्या दालनासाठी प्रसिद्ध आहे. ते सगळं आम्ही भराभर पाहिलं. मला पोचायचं होतं तोशिको होरिउची मॅकॅडम या कलाकर्तीने मुलांना खेळायला क्रोशाने विणलेल्या जाळ्यापाशी.

बाहेरून दिसतो तो लाकडी ओंडक्यांचा गोलसर ढीग. तेझुका आर्किटेक्ट्सनी २००९ मध्ये बांधलेला हा मंडप धातूचे सांधे न वापरता, जुन्या जपानी देवळांच्या सुतारकामाच्या पद्धतीने उभा केला आहे. फटींमधून ऊन आत येतं आणि मधोमध लोंबतं लाल, पिवळं, निळं, हिरवं, जांभळं जाळं. खाली मोठाले गोळे टांगलेले, वर एकावर एक पसरलेल्या झोळ्या, त्यांना जोडणारी भोकं.

मी स्वतः क्रोशा करते, त्यामुळे आधी टाक्यांकडेच नजर गेली. जवळ गेल्यावर साखळी आणि खांब ओळखू आले. तोरणाला घालतो तेच टाके, फक्त दोऱ्याच्या जागी बोटाएवढी जाड नायलॉनची दोरी. हे सगळं हातानं विणलेलं आहे, दोरीही होरिउची स्वतःच रंगवतात. क्रोशात एका वेळी एकच टाका सुईवर असतो, म्हणून कुठल्याही टाक्यावरून कुठल्याही दिशेला वळता येतं. झोळी, बोगदा, गोळा हे सगळं शिवण न घालता एकातून एक वाढत जातं. यंत्राला हे आजही नीट जमत नाही. विणकाम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला इथे आणून उभं करावं असं मला फार वाटलं. कुठे किती ताण येईल, कुठे किती झोळ पडेल, हे ओळखून घातलेले टाके आहेत हे. उड्या मारणाऱ्या मुलांचं वजन ते पेलतात.

होरिउची यांचा जन्म १९४० चा. शिक्षण तामा आर्ट युनिव्हर्सिटीत आणि मग अमेरिकेत क्रॅनब्रुक कला अकादमीत. पुढे त्या कॅनडात नोव्हा स्कोशियात स्थायिक झाल्या. १९७० च्या दशकात त्यांच्या एका प्रदर्शनात मुलं थेट कलाकृतीवरच चढली. त्यांनी मुलांना ओरडून खाली उतरवलं नाही. ती हलती, वाकती कलाकृती पाहून आपण काय करायला हवं ते त्यांना उमगलं. मग टोकियोतली मुलांची मैदानं त्या बघत फिरल्या आणि १९७९ मध्ये ओकिनावात त्यांचं विणलेलं क्रीडांगण उभं राहिलं. सप्पोरोजवळच्या ताकिनो उद्यानातही त्यांचं असं एक मोठं काम आहे.

जाळ्यात फक्त प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना सोडतात. माझी भाची बूट काढून आत शिरली ती सरळ वरच्या थरात. "मावशी, कोणी तिकडे उडी मारली की मी इकडे हलते!" तिने वरून ओरडून सांगितलं. खरंच, एका कोपऱ्यातला धक्का अख्ख्या जाळ्यातून फिरत होता. ओळखदेख नसलेली जपानी मुलं आणि ही, थोड्याच वेळात मिळून झोके घेत होती. कुठून चढायचं, कुठून उतरायचं, हे कोणी ठरवून दिलेलं नाही. कुठली झोळी अंगाखाली किती वाकते ते ज्याने त्याने चढूनच शोधायचं.

मुलं बरोबर असतील तर इथे आधी या, पिकासो नंतर बघा. संग्रहालय पाचला बंद होतं आणि जाळ्यातून मुलं बाहेर काढायला बराच वेळ लागतो. थकलेल्या मोठ्यांसाठी आवारातच गरम झऱ्याच्या पाण्यात पाय सोडून बसायची सोय आहे.