रुळावरचं दार : आमची वाटचाल

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर २००८ साली आम्ही बहीणभावाने इमारतींचे आराखडे करणारी पेढी उघडली. मी इथल्याच कलाभवन या अभियांत्रिकी महाविद्यालयात आर्किटेक्चर शिकले, दादा तिथेच सिव्हिल. सुरुवातीची कामं म्हणजे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) शेड आणि ओळखीच्यांच्या घरांची दुरुस्ती. पोट भरत होतं.

विमानांशी गाठ पडली दोन वर्षांनी. वैमानिक घडवणाऱ्या एका संस्थेला छोटा हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड, हवा होता. त्यांची विमानं सेस्ना १७२ : पंखांचा पसारा ११ मीटर, उंची पावणेतीन मीटरच्या आत. मला वाटलं, मोठ्या दाराची शेडच तर आहे. आम्ही वर लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, घेतल्या, मध्ये एकही खांब ठेवला नाही आणि १४ मीटर उघडणारं, जमिनीतल्या रुळावर सरकणारं चार पल्ल्यांचं दार दिलं. मे महिन्यात किल्ल्या सोपवल्या. ऑगस्टमध्ये मुकादमाचा फोन आला, "बेन, दार हलत नाही."

जाऊन पाहिलं तर पाणी पिऊन काळी माती फुगली होती. खांबांचे पाये खोल होते, ते जागचे हलले नव्हते. पण रूळ ज्या उथळ तुळईवर बसवला होता ती मध्येच वर उचलली गेली होती. वरची दिशापट्टी जागच्या जागी, खालचा रूळ वर आलेला, आणि त्या दोन्हींत पल्ला चेपलेला. आत तीन विमानं, बाहेर उड्डाणासाठी थांबलेली मुलं. आमचीच चूक होती. पायांची जेवढी काळजी घेतली, तेवढी रुळाची घेतली नव्हती.

रूळ उखडून पुन्हा बसवण्याचा खर्च आम्हीच केला. या वेळी तुळईखाली अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरणारे काँक्रीटचे खांब, दिले. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने (सीबीआरआय) काळ्या मातीसाठीच विकसित केलेली ही पद्धत आहे. पाइलच्या बुडाशी कंदासारखा फुगवटा असतो. पावसाळ्यात भिजून उन्हाळ्यात सुकणाऱ्या थराच्या खाली तो नेऊन बसवायचा, म्हणजे वरची माती कितीही फुगली तरी पाइल तिच्याबरोबर वर येत नाही. तुळईच्या खालीही थोडी पोकळी ठेवली, मातीला फुगायला जागा म्हणून.

याच कामात दादाने मला वारा समजावला. सगळीकडून बंद असलेल्या शेडमध्ये आतल्या दाबाचा गुणांक, म्हणजे वाऱ्याच्या दाबाचा किती हिस्सा आत धरायचा तो आकडा, आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे ०.२ धरतात. भिंतीचा पाचवा भाग किंवा त्याहून जास्त उघडा असेल तर तोच ०.७ होतो. हँगरचं दार उघडलं की वारा आत शिरून छपराला खालून रेटतो, वरून तर तो ओढतच असतो. म्हणजे हँगरचा पाया भार पेलतो तसाच इमारतीला खाली धरूनही ठेवतो. इथेही तोच कंद कामाला येतो. मला हे फार सुंदर वाटतं, आजही.

पुढे कामं मिळत गेली, सावकाश. विमानतळाजवळच्या कामाला उंचीची परवानगी लागते, शिवाय पत्र्याच्या मोठ्या भिंतीवरून उतरणाऱ्या विमानासाठीचे संकेत परावर्तित होऊ नयेत म्हणून तिची दिशाही तपासावी लागते. एका ग्राहकाशी मी महिनाभर वाद घातला, कारण त्यांना प्लगची बटणं फरशीलगत हवी होती. इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवर पसरून राहते. फरशीपासून साधारण ४५० मिलिमीटरपर्यंत साधं विजेचं साहित्य बसवायचं नाही, आणि सांडलेलं इंधन वाहून नेणाऱ्या चरातून आग पुढे जाऊ नये यासाठी मध्ये पाण्याचे सापळे द्यायचे. अखेर त्यांनी ऐकलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये बडोद्यात हवाई दलाच्या सी-२९५ या मालवाहू विमानांच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि २८ ऑक्टोबर २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. एकूण ५६ विमानांपैकी ४० इथे जोडली जायची आहेत. ते काम आमचं नव्हे, आमच्या आवाक्यातलंही नव्हे. पण आमच्या गावात विमान जोडलं जाणार याचा मला मनापासून अभिमान वाटला. बाबांना ती बातमी मी दोनदा वाचून दाखवली. त्यानंतर आमच्याकडे सुटे भाग बनवणारे लहान उद्योजक येऊ लागले. कार्बन फायबरचे थर रचायची खोली हवी, तापमान आणि आर्द्रता बांधलेली, धूळ नको. या कामात आम्ही अजून शिकतोच आहोत.

सध्या टेबलावर एका मध्यम विमानाच्या देखभालीचा हँगर आहे. पंखांना रुंदी लागते, उंची मात्र शेपटी ठरवते. सगळं दार शेपटीइतकं उंच केलं तर लोखंड वाढतं, वाराही जास्त झेलावा लागतो. म्हणून दार बेताचं ठेवून फक्त शेपटीसाठी वर एक वेगळी खिडकी काढावी असं दादाचं म्हणणं. मी मात्र नेमक्या त्या जागी कैची सलग राहत नाही म्हणून अडून बसले आहे. रूळ कुठे आणि कसा बसवायचा, ते मात्र आम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.