तुम्ही विचारलंत म्हणून: राखण पण करील, शिकार पण करील असं कुत्रं

"शेतावर राखण पण करील आणि वेळेला ससा-डुक्कर पण धरील, असं कोणतं ब्रीड घ्यावं?" हा प्रश्न मला कितीतरी वर्षं येतोय. पिंपळगावच्या मार्केटला गाडीचा नंबर लागायची वाट बघत असतो तेव्हा येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, रात्री साडेदहाला फोनवर येतो. गंगापूर धरणाकडं जागा घेऊन फार्महाऊस बांधलेले विचारतात, दिंडोरीचे बागायतदार विचारतात, आमच्या भावकीतली पोरं तर विचारतातच. कारण एकच, माझ्याकडं कारवान, म्हणजे मुधोळ हाऊंड, या देशी शिकारी जातीची कुत्री होती, हरणी, आणि तिचा तो एक फोटो अजून सगळ्यांच्या मोबाईलमध्ये फिरतोय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो, पुढं कोणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी सरळ उत्तर. असं कुत्रं नाही. निदान निफाड तालुक्यातल्या द्राक्षाच्या मळ्यासाठी तरी नाही. आणि एवढं बोललो की समोरचा लगेच म्हणतो, मग बापू तुम्ही कशी पाळली होती? पाळली होती म्हणूनच सांगतोय ना भाऊ.

राखणीचं कुत्रं आणि शिकारीचं कुत्रं ही दोन कामं एकमेकांच्या उलटी आहेत. राखणीचं कुत्रं जागा सोडत नाही, अनोळखी काही दिसलं की आधी भुंकतं, मालकाला उठवतं, मळ्यातली कोंबडी, करडू, वासरू ही आपली आहेत हे त्याला पक्कं माहिती असतं. मेंढपाळ आमच्याकडं मोकळ्या रानात मेंढ्या बसवायला येतात त्यांचं कुत्रं बघा, ते पिल्लू असल्यापासून मेंढरातच वाढलेलं असतं, मेंढरू पळालं म्हणून ते त्याच्या मागं धरायला सुटत नाही. कारवानचं काम डोळ्यांवर चालतं. लांबवर काहीतरी हललं की सुटायचं, आणि तोंडातून आवाज न काढता सुटायचं. लांब पाय, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, अंगावर चरबी नाही. दिवसभर झोपून राहतात, चोर आला तरी मान वर करून बघतात आणि परत झोपतात. हरणीनं पहिल्या वर्षात शेजारच्या 11 कोंबड्या मारल्या. खाल्ली एक पण नाही. कोंबडी पळाली, ही मागं गेली, एवढंच. सगळ्यांचे पैसे मी भरले आणि आप्पांचं बोलणं पण खाल्लं.

आप्पा 2013 सालीच म्हणाले होते, आपल्याला भुंकणारं पाहिजे, पळणारं काय करायचंय. तेव्हा मी त्यांना काय काय ऐकवलं होतं. गावठी कुत्र्यात काय ठेवलंय, ही जात राजेलोकांची आहे, मुधोळच्या घोरपड्यांनी जपलेली आहे, 2005 साली सरकारनं पोस्टाचं तिकीट काढलंय मुधोळ हाऊंडचं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि आमच्या मळ्याशी त्यातल्या एकाचाही संबंध नव्हता. हे आज कळतंय. त्या वेळच्या मला हे कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही तितकंच खरं, कारण आप्पांनी सांगितलंच होतं की.

ही जात आहे माळाची. लातूर, सोलापूर, खाली मुधोळपर्यंत. तिकडं नजर जाईल तिथपर्यंत मोकळं रान, मधे एखादी बाभूळ. कुणी कारवान म्हणतं, कुणी मुधोळ, कानाला नि शेपटीला लांब केस असले की पश्मी म्हणतात. तिकडं तिला पळताना बघा, डोळ्यात पाणी येतं बघून. मोटरसायकलचा काटा 50 वर होता तेव्हा हरणी माझ्या बाजूनं पळाली आहे, आणि मी गाडी हळू केली, तिनं नाही. आमच्याकडं काय आहे? ऊस, द्राक्षाच्या बागा, शेडनेट, पाट, कंपाऊंड. आणि थंडी. निफाडचा पारा 5-6 वर येतो हे तुम्ही दर जानेवारीत पेपरात वाचता, आम्ही मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, आणि ही पातळ कातडीची कुत्री गोणपाटात थरथरत पडलेली असायची. शेवटी मी तिला घरात घेतली. घरात झोपणारं कुत्रं शेताची काय राखण करणार, सांगा.

आता शिकारीचं. हे लोकांना आवडत नाही पण बोलतोच. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, त्यात ससा पण येतो आणि रानडुक्कर पण. नुसतं मारणंच नाही, मारायला म्हणून हाकणं आणि तसा प्रयत्न करणं हे सुद्धा शिकारच धरलेलं आहे. म्हणजे बांधावर उभं राहून कुत्र्याला छू म्हणलात की झालं. डुकरानं मका लोळवला तर वनखात्याकडं अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाईला चकरा माराव्या लागतात मान्य आहे, मी पण मारल्यात. पण "आमच्याकडं कोण बघतंय" हे मला नका सांगू. मी पण हेच म्हणायचो.

2017 चा जानेवारी. रविवार होता. नाशिकहून चुलतभावाचे तीन-चार मित्र आले होते, मळा बघायला, खरं तर हरणीला बघायला. बागेत मण्यात पाणी उतरलेलं, कामाची गडबड होती, पण मला पण ते हवं होतं, हे कबूल करतो. लोक लांबून माझं कुत्रं बघायला येतात याचा मला अभिमान वाटायचा. हरभऱ्याच्या कडेला ससा बसलेला असतो हे मला माहिती होतं. एकानं मोबाईल काढला. मी हरणीच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि छू म्हणलो.

ससा उठला. पहिली दोनशे फूट ती त्याच्या मागं अशी गेली की कोणी बोललं नाही. मग ससा वळला. ससा वळतोच, त्याचा जीव त्या वळण्यावरच असतो, माळावर वळला तर कुत्रं पण वळतं आणि खेळ चालू राहतो. इथं तो वळून सरळ माझ्या बागेत शिरला. बाग तुम्ही सगळ्यांनी बघितलेली आहे. ओळीच्या टोकाला अँगल असतो आणि त्याला मागं ओढून धरणारा तारेचा ताण, वरून तिरपा खाली येऊन जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधलेला. सशाला तो लागत नाही. तिनं फक्त ससा बघितला होता.

तार वाजली. मला आजपण दुसरा शब्द सुचत नाही. ओळीच्या या टोकाला ती धडकली आणि ती थरथर त्या अख्ख्या ओळीच्या तारांमधून पार दुसऱ्या टोकापर्यंत गेली, पिकत आलेले घड हलले. ती पडून राहिली नाही ओ. उठलीच, तीन पायांवर, आणि ससा कुठं गेला ते बघायला लागली. खांद्यापासून छातीपर्यंत कातडी उघडी पडलेली आणि डावा पुढचा पाय नुसता लोंबत होता, आणि ती ओरडत पण नव्हती, ओळीत आत बघत होती. मी तिला धरली तेव्हा ती मला झटकत होती, तिला अजून जायचं होतं.

पिकअपमध्ये मागं क्रेट होते ते फेकले, गोणपाटं टाकली, तिचं डोकं मांडीवर घेऊन मी मागं बसलो आणि भावानं गाडी काढली. रस्त्यात चुलतभावाचा एक मित्र, चांगला माणूस आहे, सारखा सॉरी सॉरी म्हणत होता, मला त्याचा राग येत होता आणि ते बरोबर नव्हतं, कारण छू त्यानं म्हणलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले या जातीच्या कुत्र्यांना भूल जपून द्यावी लागते, अंगावर चरबी नसते, काही औषधं लवकर उतरत नाहीत. ती रात्री उशिरापर्यंत उठली नाही. मी बाहेर बाकड्यावर बसून होतो, आप्पांचा दोनदा फोन आला, ते कुत्रीबद्दल काहीच बोलले नाहीत, फक्त जेवलास का विचारलं. तिचा तो पाय ठेवता आला नाही, काढावा लागला.

तुमच्या मोबाईलमधला तो फोटो, चारी पाय हवेत, कान मागं गेलेले, मागं हरभरा, तो त्याच व्हिडिओतला आहे. व्हिडिओ मी नंतर एकदाच बघितला. त्या फोटोनंतर चार सेकंदांनी तार आहे. म्हणून तो फोटो पाठवून कोणी "अस्संच पाहिजे" म्हणलं की मला काय होतं ते तुम्हाला कळावं म्हणून हे लिहितोय.

हरणी त्यानंतर चार वर्षं जगली. लोक म्हणायचे, बरं झालं, आता राखणीची तरी झाली. नाही झाली. दारात पडून राहायची, कोणी आलं तरी भुंकायची नाही. पण बांधावर काही हललं की तीन पायांवर उभी राहायची आणि तिच्या मांड्या थरथरायच्या. मी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवायचो तेव्हा कुठं बसायची. 2021 च्या पावसाळ्यात गोचिडाचा ताप झाला, त्यात गेली.

मधेच 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये देशी कुत्र्यांचं बोललं, मुधोळचं नाव घेतलं, तेव्हा तर आठवड्याला चार-पाच फोन यायचे. ती तीन पायांवर माझ्यासमोर पडलेली असायची आणि फोनवरचा विचारायचा, पिल्लू मिळेल का. देशी जात जपावी, यात वादच नाही, मी स्वतः त्या बाजूचा आहे. पण जपायची म्हणजे तिला पळायला रान पाहिजे, आणि दोन एकर बागेत साखळीला बांधून ती कोणाला दाखवायची याला मी जपणं म्हणत नाही.

मग काय घ्यावं? आम्हाला कुत्रं खरं कशाला लागतं ते आधी बघा. मोटरची थ्री फेज लाईट रात्रीची असते तेव्हा दोन वाजता मोटर चालू करायला उसाच्या कडेनं जावं लागतं आणि उसात बिबट्या असतो. सोबत भुंकणारं कुत्रं पाहिजे. घूस बांध पोखरते, ड्रिपच्या नळ्या कुरतडते, तर घूस उकरणारं कुत्रं पाहिजे. ही दोन्ही कामं गावातलं चांगल्या कुत्रीचं पिल्लू करतं, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, पुढं दरवर्षी द्या, कोंबड्यांत आणि गुरांत वाढवा. लॅब्राडोर आणू नका, मेच्या उन्हात ते जनावर धापा टाकत मरतं.

एवढं सांगून मी सुटत नाही, कारण गावठ्याची गोष्ट पण बाकी आहे. काळ्या नावाचा गावठी होता माझा, जीव लावणारा, रात्री पानाचा आवाज झाला तरी सांगायचा. 2022 मध्ये बिबट्यानं ओट्यावरून नेला. मी त्याला साखळीला बांधलेला होता. पळून पण जाता आलं नाही त्याला. आपल्या शेजारच्या अकोले भागात विद्या अत्रेय यांच्या टीमनं बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, त्यात त्याच्या खाण्यातला वजनानं 39 टक्के भाग कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांपेक्षा पण जास्त. म्हणजे बिबट्या आलेला कळावा म्हणून आपण त्याच्यापुढं त्याचंच खाणं बांधून ठेवतो. हिमाचलात मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा घालतात. मी आता माझ्या दोन कुत्र्यांना रात्री वेल्डिंगच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतो, ते आतून भुंकतात आणि मला तेवढं पुरतं. पण दोन वाजता मोटरला जाताना एकाला बाहेर काढून सोबत नेतोच. ते बरोबर आहे का? मला नाही ठरवता आलेलं.

आणि आता हे पण सांगून टाकतो. मागच्या उन्हाळ्यात लातूरकडं पाहुण्यांच्या लग्नाला गेलो होतो. त्यांच्याकडं कारवानची पिल्लं होती, दीड महिन्याची. एक उचललं, पाय लांब, नखं काळी, हरणीच्या कपाळावर होता तसाच पांढरा पट्टा. ते माझ्या कोपरात तोंड घालून झोपलं. अर्धा तास तसाच उभा होतो, घरातली हाका मारत होती जेवायला. पाहुणे म्हणाले घेऊन जा, मी म्हणलो आमच्याकडं तारा आहेत. ते म्हणाले, मग ठेवतो तुमच्या नावानं, बघा काय ते. नको असं मी बोललो नाही. परवा त्यांचा परत फोन आला होता, पिल्लू आता गुडघ्याच्या वर आलंय म्हणून.