गुहागरातली रोझमेरी

काल आईने फोनवर सांगितलं, "तुझी रोझमेरी गेली हो." शेजाऱ्यांनी म्हैस विकली म्हणावं, इतक्या शांतपणे.

इथे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला आमच्या गल्लीत रोझमेरीची, म्हणजे त्या उग्र वासाच्या झुडपाची, कुंपणं आहेत, आपल्याकडे मेंदीची असतात तशी. वर्षाला साधारण ५५० मिमी पाऊस, तोही बहुतेक हिवाळ्यात. पाणी कुणी घालत नाही. पहिल्या वर्षी बटाट्यांत घालायला म्हणून कोपऱ्यावरच्या घराची डहाळी चोरून मोडत होतो, तर मागे त्या घरच्या आजीबाई उभ्या. मेलो म्हटलं! त्या आत जाऊन कात्री घेऊन आल्या. हिरव्या, कोवळ्या भागातच काप. खालच्या जून लाकडात कापलंस तर तिथून सहसा पुन्हा फुटत नाही. एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नकोस. सकाळी ये, दंव सुकलं की. पुढे २५ एप्रिलला, अँझॅक डेला, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, त्यांनी त्याच झुडपाची डहाळी माझ्या शर्टाला टाचली. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला ही रानात उगवते, म्हणून पहिल्या महायुद्धात तिथे पडलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी. आपल्या गावात न विचारता कुणाचा कढीपत्ता तोडून बघा. (विचारलात तर पिशवीभर मिळेल, तेही खरं.)

तर डिसेंबरात घरी जाताना पुण्याच्या नर्सरीतून एक रोप नेलं. हिच्या लॅटिन नावाचा अर्थ समुद्राचं दंव, खारा वारा हिला सोसतो, आणि आमच्या मागच्या दारी समुद्रच. तांबड्या मातीत निम्मी वाळू घातली. पुळणीवरची खारट म्हणून मुद्दाम नदीची आणली. तळाला खापऱ्या. मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नव्हतं.

मेपर्यंत छान होती. आईने गवती चहासोबत चार पानं चहात टाकली, बाबांनी तो चहा पोफळीच्या बुंध्याशी ओतला. "कापूर उकळलायस का?"

जूनमध्ये कुंडी पडवीत घेतली. पण पडवीत तरी हवा कोरडी कुठे असते? त्यात आईचा तांब्या. तुळशीला घालून उरलेलं पाणी रोज हिला. "एकीला पाजायचं नि दुसरीला तहानलेली ठेवायची?" शेंडे तपकिरी पडले, तसं तिने पाणी वाढवलं. मुळं कुजली तरी झाड वरून सुकल्यासारखंच दिसतं, तिचं तरी काय चुकलं? उपटलं तेव्हा मुळं काळी, साल बोटांत सुटून आली म्हणे.

मी समजावलं, "अगं, हिला फार माया चालत नाही. लांबून, अधूनमधून बघितलं की बरी असते."

"तुझ्यासारखीच की," आई म्हणाली.

मी पावसावर घसरलो. ३००० मिमी पावसात आमच्याकडे जायफळ, मिरी, दालचिनी होते. आजीबाईंनी ॲडलेडच्या उन्हाळ्यात एक मिरवेल जगवून दाखवावी! आणि तिकीट काय स्वस्त आहे का, वर्षातून दोनदा यायला?

कुंडी रिकामी नको म्हणून तिने त्यात पानओवा खोचलाय. फोटो आलाय सकाळी. पानं फुगून तळहाताएवढी झालीत, आणि कुंडीच्या कडेला तांब्या.