बोनस, स्प्लिट आणि बाहेर दिलेलं बॅक ऑफिस : माझा अनुभव

आमच्या सोलापूरच्या ब्रोकिंग आणि डीपी (डिमॅट खाती चालवणाऱ्या) ऑफिसचं कॉर्पोरेट ॲक्शनचं, म्हणजे बोनस, स्प्लिट, राइट्स, डिव्हिडंड अशा कंपन्यांच्या निर्णयांच्या नोंदींचं काम मी बाहेरच्या एजन्सीकडे दिलं, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला : शेअर तर आरटीएच्या (कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारच्या) फाइलवरून डिपॉझिटरी, म्हणजे डिमॅटमधले शेअर सांभाळणारी संस्था, आपोआप जमा करते, मग द्यायचं काय? द्यायची असते ती आपल्या वह्यांची बाजू. ग्राहकाच्या नावावर दिसणारी संख्या, खरेदीची किंमत, खरेदीची तारीख, मार्जिनचं मूल्य, भांडवली नफ्याचा रिपोर्ट, आणि राइट्समध्ये (नवे शेअर घ्यायचा हक्क) किंवा बायबॅकमध्ये (कंपनीने शेअर परत विकत घेणं) ग्राहकाला काय करायचंय ते विचारणं. डिमॅटमध्ये आकडा बरोबर आणि आपल्या रिपोर्टमध्ये चूक, हे अगदी सहज होतं.

सगळ्यात महाग चूक म्हणजे बोनसची (फुकट मिळणाऱ्या जादा शेअरची) नोंद स्प्लिट (आहे त्या शेअरचे तुकडे) म्हणून करणं. १:१ बोनस असो की १० रुपयांच्या दर्शनी मूल्याचे दोन तुकडे, १०० शेअरचे २०० होतात. त्यामुळे संख्या जुळवणाऱ्याला काहीच खटकत नाही. आता ग्राहकाने २०२१मध्ये ९०० रुपयांना घेतलेले १०० शेअर धरा. स्प्लिट असेल तर २०० शेअर, प्रत्येकी ४५० रुपये, तारीख जुनीच. बोनस असेल तर जुने १०० तसेच ९००चे, नवे १०० शून्य किमतीचे, आणि त्यांची तारीख वाटपाच्या दिवसापासून. त्याने ५०० रुपये भावाने १०० विकले तर आधी आलेले आधी जातात. बोनसच्या हिशोबाने ४०,००० तोटा, स्प्लिटच्या हिशोबाने ५,००० नफा. एका खुणेपायी ४५,००० रुपयांचा फरक, आणि तो सापडतो थेट सीएकडे रिटर्न भरताना. ओळखायची सोपी खूण आयएसआयएन, म्हणजे शेअरचा ओळख क्रमांक : स्प्लिटमध्ये दर्शनी मूल्य बदलतं म्हणून तो नवा येतो, बोनसमध्ये जुनाच राहतो. प्रत्येक नोंदीवर ही तपासणी आम्ही सक्तीची केली.

दुसरा घोळ गुणोत्तराचा. परदेशी बाजारांचं काम करणाऱ्या एजन्सीचं सॉफ्टवेअर स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतल्या ५६४ क्रमांकाच्या संदेशाच्या साच्यावर चालतं. तिथे ‘असलेल्यावर जादा’ आणि ‘जुन्याच्या बदल्यात नवे’ असे दोन वेगळे कोड आहेत, ॲडेक्स आणि न्यूओ. आपल्याकडे बोनस १:२ म्हणजे दोन शेअरवर एक जादा, १००चे १५०. तोच आकडा न्यूओ म्हणून भरला तर १००चे ५० होतात. १:१ भरला तर १००चे १००च राहतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून कुठलंही गुणोत्तर नुसतं पाठवायचं नाही, ‘१०० शेअर असणाऱ्याकडे शेवटी किती’ हा आकडा सोबत मागायचा. एवढी एक ओळ वाढवली आणि निम्मी भांडणं मिटली.

माहिती एकाच ठिकाणाहून घेऊ देऊ नका. एक्स्चेंजची घोषणा आणि डिपॉझिटरीची फाइल, दोन्ही शेजारी ठेवून आयएसआयएन, रेकॉर्ड डेट (ज्या दिवशी नाव नोंदीत असेल त्याला लाभ मिळतो), गुणोत्तर, दर्शनी मूल्य आणि पैसे देण्याची तारीख जुळली तरच नोंद पुढे. टी प्लस वनमुळे (व्यवहाराची सेटलमेंट, म्हणजे शेअर-पैशांची देवघेव, दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी होते) एक्स-डेट, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर लाभाशिवाय विकला जातो ती तारीख, आणि रेकॉर्ड डेट आता सहसा एकाच दिवशी येतात. लाभ हवा असेल तर आदल्या ट्रेडिंग दिवसापर्यंत खरेदी हवी. मध्ये सेटलमेंटची सुट्टी आली की गणित हलतं, तेव्हा सुट्ट्यांची यादी एजन्सीकडे आहे असं गृहीत धरू नये, आपण द्यावी.

१:१ बोनसच्या एक्स-डेटला भाव निम्मा दिसतो आणि नवे शेअर अजून आलेले नसतात. ऑक्टोबर २०२४पासून रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ते विकता येतात, पण मधल्या काळात ‘माझे अर्धे पैसे गेले’ असे फोन येतातच. आदल्या संध्याकाळी मेसेज गेला पाहिजे, आणि जुन्या भावावर लावून ठेवलेली विक्रीची जीटीटी ऑर्डर (ठरलेल्या भावाला आपोआप लागणारी) रद्द झाली की नाही ते पाहिलं पाहिजे. ती राहिली तर सकाळी सव्वानऊला शेअर विकले जातात.

ग्राहकाशी बोलणं मात्र बाहेर देऊ नका. एजन्सीने हिंदीतून फोन केले, ते वाया गेले. आमच्या टॉवेल-चादरीच्या कारखानदारांपैकी बरेच घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडचे कन्नड. पैशाचा विषय त्यांना ओळखीच्या आवाजातच हवा. राइट्समध्ये तर हे फारच लागू पडतं. हक्क डिमॅटमध्ये वेगळ्या आयएसआयएनने येतात, ते शेअर नव्हेत. मुदतीत अर्ज केला नाही किंवा विकले नाहीत तर ते संपतात, किंमत शून्य. एजन्सी आपली अंतर्गत मुदत बाजाराच्या दोन दिवस आधी ठेवते, आम्ही त्याच्याही आधी दोन दिवस फोन सुरू करतो.

कामाचं हस्तांतर जुलै ते सप्टेंबरमध्ये करू नका. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत उरकायच्या असतात, त्यामुळे डिव्हिडंडच्या रेकॉर्ड डेट तेव्हाच दाटीने येतात. आम्ही तो हंगाम दोन्हीकडे समांतर चालवला, रोज संध्याकाळी फरकाची यादी काढली आणि मगच आपली बाजू बंद केली. दुप्पट मेहनत होते, पण दुसरा उपाय नाही.

एजन्सीला पॅन आणि नाव लागत नाही. ग्राहक कोड, आयएसआयएन आणि संख्या पुरते. चुकीची भरपाई कोण देणार हे करारात आकड्यासह हवं, कारण सेबीच्या १५ डिसेंबर २०११च्या परिपत्रकानुसार काम बाहेर दिलं तरी जबाबदारी ब्रोकरचीच राहते. आणि करार संपताना नुसती शिल्लक परत घेऊ नका, प्रत्येक जुन्या बोनस-स्प्लिट-डीमर्जरची (कंपनीच्या विभागणीची) नोंद तारखेसह मागा. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या शेअरची आजच्या हिशोबातली खरेदी किंमत त्या साखळीवरच काढावी लागते, आणि एक कडी हरवली तर ती पुन्हा जुळवायला जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट्सचे (व्यवहाराच्या पावत्यांचे) गठ्ठे उघडावे लागतात.