पहिलाच ट्रॅक डे आणि दिवसभर पाऊस: पैसे फुकट गेले का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे कोण एक नव्हे. पुण्याला आले की नणंदेकडे, इथे कॉव्हेंट्रीत गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता, ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी, प्रश्न तोच असतो: "पहिल्यांदा ट्रॅकवर गाडी घेऊन गेलीस आणि नेमका पाऊस! मग पैसे पाण्यातच गेले म्हणायचे?" यावर विनोद करून झाला की दुसरा प्रश्न येतो, जरा दबक्या आवाजात: "भीती नाही वाटली?"

भीतीचं आधी सांगते, कारण ते थोडक्यात आटपतं. वाटली. पण ती वेगाची नव्हती, दुसऱ्याच्या महागड्या गाडीला आपली गाडी घासेल याची होती. तीही दोन-तीन फेऱ्यांत गेली, कारण ट्रॅक डे म्हणजे पैसे भरून आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस, रेस नसते. हे भारतातल्या नातेवाइकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. इंग्लंडमध्ये ट्रॅक डेला वेळ मोजायला सक्त मनाई असते, कोणी पहिला येत नाही, बक्षीस नसतं. सकाळी लायसन्स दाखवायचं, गाडीचा आवाज मोजून घ्यायचा, मनगटाला पट्टी बांधून घ्यायची आणि ब्रीफिंगला, म्हणजे नियम ऐकायला, बसायचं. ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर, आमच्या दिवशी फक्त डावीकडून, तेही पुढच्याने इंडिकेटर देऊन "जा" म्हटल्यावर. हे नियम ऐकताना मला पुण्याचा चांदणी चौक आठवला आणि हसू आवरेना. खरं सांगायचं तर ट्रॅकवर मी जितकी सुरक्षित होते तितकी पुण्यात दूध आणायला जातानाही नसते.

आता पैशांचं, पण त्याआधी जागेबद्दल थोडं. जागा होती डॉनिंग्टन पार्क, लेस्टरशरमध्ये, कॉव्हेंट्रीहून तासाभराच्या अंतरावर. 1931 साली इथे पहिल्यांदा मोटरसायकली पळाल्या. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने जागा ताब्यात घेतली, मग ती कितीतरी वर्षं पडून राहिली. 1971 मध्ये टॉम व्हीटक्रॉफ्ट नावाच्या बिल्डरने ती विकत घेतली आणि 1977 मध्ये पुन्हा रेसिंग सुरू झालं. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना मात्र या ट्रॅकची एकच तारीख पाठ असते: 11 एप्रिल 1993. युरोपियन ग्राँ प्री, पावसाने ओला ट्रॅक, आणि ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेना सुरुवातीला पाचव्या क्रमांकावर ढकलला गेलेला. पहिली फेरी संपायच्या आत त्याने शूमाकर, वेंडलिंगर, हिल आणि प्रोस्ट या चौघांना मागे टाकलं. यातल्या वेंडलिंगरला त्याने क्रेनर कर्व्हज नावाच्या वळणांच्या उतारावर, बाहेरच्या बाजूने गाठलं. त्याच उतारावरून आपण आपली जुनी फोर्ड फिएस्टा, वायपर फुल्ल स्पीडवर ठेवून, जेमतेम हायवेच्या वेगाने उतरवतोय, ही जाणीव माणसाला पुरेशी नम्र करते.

डॉनिंग्टन ओलं झालं की फार निसरडं होतं असा लौकिक आहे. शेजारीच ईस्ट मिडलंड्स विमानतळ, विमानं डोक्यावरून खाली उतरत असतात. त्यांचं केरोसीन डांबरावर बसतं म्हणून ट्रॅक निसरडा, अशी तिथली जुनी दंतकथा. चहाच्या रांगेत दोन वेगवेगळ्या माणसांनी मला ती सांगितली, दोघांनीही शपथेवर.

विमानांचं काही असो, निसरडेपणाचं पटण्यासारखं कारण टायरखालीच असतं. कोरड्या दिवसांत सगळ्या गाड्या एकाच मार्गाने वळतात: बाहेरून आत, आतल्या टोकाला स्पर्श, पुन्हा बाहेर. त्या पट्ट्यात टायरचं रबर घासून डांबराच्या बारीक भेगांत भरत जातं, खडी गुळगुळीत होते. ऊन असताना हाच पट्टा सर्वांत जास्त पकड देतो. पाऊस पडला की तोच सर्वांत घसरडा. म्हणून पावसात मार्ग बदलायचा. रबराचा काळा, चकाकणारा पट्टा सोडून त्याच्या बाहेरून, खरखरीत डांबरावरून वळायचं, आणि तो ओलांडावाच लागला तर स्टिअरिंग शक्य तितकं सरळ ठेवून. कडेचे रंगवलेले कर्ब आणि पांढरे पट्टे यांच्यावर चाक घालायचंच नाही. आपल्याकडे जूनच्या पहिल्या सरीला दुचाक्या धडाधड का पडतात, तेच गणित. महिनोन् महिने साचलेलं तेल, धूळ, रबर पाण्याबरोबर वर येतं. चार-सहा जोरदार सरी पडून रस्ता धुतला गेला की तोच रस्ता बरा वाटायला लागतो.

माझ्यासोबत बसलेला इन्स्ट्रक्टर साठीच्या पुढचा, अत्यंत कमी बोलणारा. गाडीत बसण्याआधी त्याने मला पिशवीतून एक जुना टॉवेल काढून दिला. मी काच पुसायला लागले तर म्हणाला, काच नको, बुटांचे तळवे. ओला तळवा ब्रेकच्या पेडलवरून निसटतो. प्रत्येक वेळी पिट लेनमधून, म्हणजे गॅरेजसमोरच्या गल्लीतून, ट्रॅकवर निघताना दार उघडायचं, पाय बाहेर काढायचे, एक तळवा पुसायचा, आत घ्यायचा, मग दुसरा. इतक्या वर्षांत गाडीबद्दल जे काही शिकले त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी पोटापाण्यासाठी गाड्याच बनवते! दुसरी गोष्ट एसीची. हेल्मेट घातलेली दोन माणसं, ओले कपडे, बंद काचा: मिनिटभरात आतून सगळं धुकं. एसी लावायचा, काचेकडे वारा सोडायचा. एसीने ताकद थोडी कमी होते म्हणून तो बंद ठेवणारे शूर लोक मी पाहिले. त्यातल्या एकाला पुढचं वळण दिसतच नव्हतं, त्यामुळे ती वाचवलेली ताकद त्याला कुठे वापरता आली असेल कोण जाणे.

पहिल्या फेऱ्या आयोजकांच्या गाडीमागे, रांगेने, सावकाश. मग खरं काम सुरू. माझ्या इन्स्ट्रक्टरचं सगळं लक्ष माझ्या पायाकडे. मी वेगात आहे की हळू, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ब्रेक दाबताना पहिल्या क्षणी हलका, मग वजन पुढे आलं की वाढवत न्यायचा, आणि सोडतानाही एकदम सोडायचा नाही. घरी नुकती फरशी पुसलेली असताना आई ज्या पावलांनी स्वयंपाकघरात जायची, तसा पाय त्याला हवा होता. कोरड्यात तुम्ही ब्रेकवर धप्पकन पाय मारलात तरी गाडी सांभाळून घेते. ओल्यात लगेच एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, घरघरायला लागतं, पेडल पायाखाली थरथरतं आणि तुमची चूक शेजारच्यालाही ऐकू जाते.

मग त्याने मला एका संथ वळणावर मुद्दाम जास्त वेगाने आत यायला लावलं. स्टिअरिंग वळवलं, आणि ते एकाएकी हलकं झालं. हाताला जो विरोध जाणवत असतो तो नाहीसाच झाला, आणि गाडी नाक सरळ ठेवून वळणाबाहेर निघाली. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हे असंच होतं, पुढचे टायर आधी हार मानतात. हात आपोआप आणखी वळवायला जातात. तो म्हणाला, "उलट कर. थोडं सरळ कर, ॲक्सिलरेटर हळूच सोड, थांब." थांबले. अर्ध्या सेकंदाने हातात वजन परत आलं आणि नाक आत वळलं. हे त्याने माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं, इतकं की शेवटी मी तो हलकेपणा येण्याच्या किंचित आधीच ओळखायला लागले. पैसे कुठे वसूल झाले असं विचाराल तर तिथे, त्या वळणावर.

कोरड्या दिवशी हे शिकता आलं असतं का? आलं असतं, पण खूप वरच्या वेगाला. गणित करून बघा. चांगल्या रोड टायरला कोरड्या डांबरावर साधारण 0.9 आणि ओल्यावर 0.5 इतकं घर्षण धरू. जे वळण कोरड्यात ताशी 100 किलोमीटरच्या वेगाला पकडीच्या सीमेवर असतं, ते ओल्यात साधारण 75 लाच सीमेवर येतं. म्हणजे टायर कधी सुटतो, सुटताना हाताला काय सांगतो, हे नवख्याला कमी वेगात, कमी धोक्यात कळतं. पण ब्रेकिंगचा हिशेब वेगळा. 100 च्या वेगाने येऊन थांबायला कोरड्यात सुमारे 44 मीटर लागत असतील तर ओल्यात 79. वळणाचा वेग पाऊण होतो, आणि थांबायचं अंतर जवळजवळ दुप्पट! माणसाला पहिला फरक पटकन जाणवतो, दुसरा जाणवत नाही, आणि पावसात गाड्या एकमेकींवर जाऊन आदळतात त्या बहुतेक या दुसऱ्यामुळे. एक्स्प्रेसवेवर पावसात पुढच्या गाडीला चिकटून चालवणाऱ्या माझ्या दिराला मी हे दोन आकडे कागदावर लिहून दिलेत. कागद त्याने ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय. चालवतो तसाच.

पावसाने आणखी एक केलं, सगळ्यांना एका पातळीवर आणलं. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, माझ्या दुप्पट ताकदीच्या गाड्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जणांनी सेमी-स्लिक टायर चढवून आणले होते, ज्यांना खाचा जेमतेम असतात. कोरड्यात हे टायर कमाल करतात, पण पाणी बाहेर फेकायला खाचाच नसतील तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो. त्यामुळे ती मंडळी बराच वेळ गॅरेजमध्ये आकाशाकडे बघत उभी, आणि साध्या रोड टायरवरच्या आमच्या छोट्या हॅचबॅक मजेत फिरतायत. ट्रॅक जवळपास मोकळा. नवख्याला आरशात सारखं मागे बघावं लागत नाही ही केवढी मोठी सोय आहे, ते गर्दीच्या कोरड्या दिवशी गेल्यावर समजतं.

तरीही "पहिला दिवस पावसातलाच हवा" असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि असं म्हणणारे बरेच भेटतात. पावसात तुम्ही कोरडा मार्ग शिकत नाही, कोरड्यातले ब्रेकिंगचे टप्पे शिकत नाही. पुढच्या वेळी ऊन पडलं की निम्मं पुन्हा नव्याने शिकावं लागतं. शिवाय घसरलात तर ओलं गवत गाडीला अजिबात थांबवत नाही, उलट सरकवत नेतं. दुपारी ओल्ड हेअरपिनच्या बाहेर एक गाडी अशीच गेली. हे वळण नावाचंच हेअरपिन (म्हणजे केसांच्या पिनेसारखं उलट फिरणारं) आहे, प्रत्यक्षात बऱ्यापैकी वेगवान, क्रेनरच्या उताराच्या तळाशी. लाल झेंडा लागला, सगळे हळूहळू पिटमध्ये परतलो, गाडी ओढून आणली. माणसाला काही झालं नव्हतं, बंपर मात्र मागच्या सीटवर. ट्रॅकवर तुमचा नेहमीचा विमा चालत नाही हे त्याला नक्कीच माहीत असणार, चेहऱ्यावर तसं दिसत होतं.

तेव्हा रद्द कधी करायचं? ट्रॅकवर आडवे ओहोळ वाहत असतील आणि आयोजक स्वतःच थांबवत असतील तर प्रश्नच नाही. टायरच्या खाचा संपत आल्या असतील तरी जाऊ नका. ब्रिटनमध्ये कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर लागतात, नव्या टायरला साधारण 8 असतात. कायद्यापुरत्या खाचा असलेला टायर घेऊन पावसात ट्रॅकवर जाणं म्हणजे कायदा पाळून मूर्खपणा करणं. बाकी नुसता पाऊस आहे म्हणून रद्द करू नका. बहुतेक आयोजक पावसासाठी पैसे परत करतही नाहीत. त्याऐवजी इन्स्ट्रक्टरची 20 मिनिटं जास्त घ्या. गाडीची स्टॅबिलिटी कंट्रोलची, म्हणजे घसरताना गाडी सावरणारी, यंत्रणा चालू ठेवा, ती बंद करून दाखवणाऱ्यांकडे बघू नका. परत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, पाऊस असला तरी ब्रेक तापलेलेच असतात. गिअरमध्ये टाकून उभी करा.

भारतात कुठे जायचं, असं पुण्याहून हमखास विचारलं जातं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथला ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, 1990 पासूनचा. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे छोटा, 2.1 किलोमीटर, म्हणूनच नवख्याला बरा. नोएडाजवळचं बुद्ध सर्किट 5 किलोमीटरहून मोठं आणि फार वेगवान, तिथे पहिल्यांदा जाऊ नये असं माझं मत. मुद्दाम ओल्यात शिकायचं असेल तर चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर हे पावसाचे महिने. आपला पाऊस संपला की त्यांचा सुरू होतो. आणि कोणी सुचवलं तरी भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेऊन जाऊ नका. करारात ट्रॅकला मनाई असतेच, आणि हल्ली त्या गाड्यांत जीपीएस असतो.