वीतभर सुधारणा

शहराच्या सुधारणेविषयी आपण बोलतो तेव्हा मापे नेहमी मोठी असतात. मेट्रोचे किलोमीटर, उड्डाणपुलांचे कोटी, वर्तुळाकार रस्त्यासाठी लागणारी हेक्टरभर जमीन. या योजनांची गरज मी नाकारत नाही. पण पुण्यासारख्या शहरात पायी हिंडणाऱ्या माणसाचा दिवस बरा जातो की वाईट, हे बहुधा इंच, वीत आणि सेकंद या मापांवर ठरते, आणि त्यांच्याकडे पाहण्याची सवड मोठ्या बैठकांतून सहसा कोणाला मिळत नाही, असे माझे बरेच दिवसांचे मत आहे.

पदपथाच्या उंचीचेच पाहा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारीविषयक मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथाची कड १५० मिलिमीटरहून, म्हणजे सुमारे सहा इंचांहून, उंच नसावी आणि त्यावर चालण्यासाठी किमान १.८ मीटरची अडथळाविरहित रुंदी असावी. आपल्याकडे कित्येक ठिकाणी ही कड फूटभर उंच असते. दुचाक्या वर चढू नयेत म्हणून पदपथ उंच करायचा, आणि तो उंच झाला की सोसायटीची मोटार आत जावी म्हणून प्रत्येक फाटकापाशी तो तोडायचा, असा हा कारभार आहे. परिणामी चालणाऱ्याला दर वीस-तीस पावलांवर उतरावे आणि चढावे लागते, गुडघे दुखणारा माणूस दोन फाटकांनंतर निमूटपणे रस्त्यावरून चालू लागतो, आणि मग पदपथ असूनही लोक तो वापरत नाहीत अशी तक्रार त्याच्याच माथी मारली जाते. खरे तर उपाय साधा आहे. फाटकापाशीही पदपथ त्याच पातळीवर अखंड ठेवावा आणि मोटारीने छोट्याशा उतारावरून वर चढून, तो ओलांडून आत जावे. मोटारीला गुडघे नसतात.

सेकंदांचा हिशोबही असाच. चौकातला हिरवा माणूस किती वेळ दिसावा, हे ठरवताना पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची रीत आहे. अठरा मीटर रुंदीचा रस्ता या वेगाने पंधरा सेकंदांत ओलांडला जातो. हातात मंडईची पिशवी असलेल्या आणि सेकंदाला ०.८ मीटरच चालू शकणाऱ्या आजींना त्याच रस्त्यासाठी साडेबावीस सेकंद लागतात. म्हणजे दिवा तांबडा होतो तेव्हा त्यांच्यापुढे अजून एक तृतीयांश रस्ता शिल्लक असतो, आणि डावीकडे वळणाऱ्या रिक्षावाल्याने तर त्यांना हिरव्या दिव्यातही मोजलेले नसते. सात-आठ सेकंद वाढवल्याने वाहतूक कोलमडेल असे कोणी म्हणाले, तर निदान मधल्या दुभाजकात, थांबता येईल अशी सुरक्षित जागा ठेवावी. टिळक रस्त्यावर किंवा कर्वे रस्त्यावर संध्याकाळी उभे राहून पाहिले तर ही जागा किती लोकांना हवी आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही.

पदपथांवरच्या पिवळ्या खडबडीत फरश्यांची मला विशेष हळहळ वाटते. सेइची मियाके या जपानी गृहस्थांनी दृष्टिहीनांसाठी त्या शोधून काढल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांबट रेघांची फरशी म्हणजे पुढे चला, गोल उंचवट्यांची म्हणजे थांबा, सावध व्हा. इतकी स्वच्छ लिपी क्वचितच कोणी निर्माण केली असेल. ती आपल्याकडे आली तेव्हा तिचे अक्षर तेवढे आले, अर्थ वाटेतच राहिला. रेघांची ओळ सरळ जाऊन विजेच्या पेटीवर आदळते, वडाच्या बुंध्याला भिडते, कधी चहाच्या टपरीखाली गडप होते. आणि पिवळा रंग शोभतो म्हणून गोल उंचवट्यांच्या फरश्या मध्येच नक्षीसारख्या पेरलेल्या असतात. डोळस ठेकेदाराला हे सुशोभन वाटत असेल, पण पांढरी काठी घेऊन निघालेल्या माणसाला ती चक्क खोटी माहिती असते. इथे नवा खर्च नको. फरशी बसवण्याआधी एखाद्या दृष्टिहीन व्यक्तीला सन्मानाने बोलावून, मानधन देऊन, त्या वाटेने चालायला सांगावे आणि तिने मान्यता दिल्यावरच ठेकेदाराचे बिल मंजूर करावे, एवढीच माझी सूचना आहे.

झाडांविषयी थोडक्यात सांगतो. बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीच्या संदर्भात दिला होता. आपल्याकडच्या गल्ल्यांतही त्याची तितकीच गरज आहे, आणि त्यासाठी एक पहार आणि एक सकाळ पुरते.

बाकांचा विषय मात्र असा थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. शहरात बसायला जागा असावी ही अपेक्षा आपण हळूहळू सोडून दिली आहे. बसायचे असेल तर काहीतरी विकत घ्यावे, निदान चहा तरी मागवावा, असा अलिखित नियम झाला आहे. शनिपार आणि नागनाथ पार ही नावे ज्या शहरात आजही पत्ता सांगताना उपयोगी पडतात, त्या शहरात झाडाभोवती बसणे ही नवी कल्पना नव्हे. तरीही दुकानांच्या पायऱ्यांवर आणि सोसायट्यांच्या बुटक्या भिंतींवर लोखंडी खिळे, जाळ्या आणि कुंड्या लावून बसणाऱ्याचा बंदोबस्त केलेला दिसतो. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करून तिथे बसण्याची सोय झाली, तेव्हा मुलांची टोळकी बसतील म्हणून नाके मुरडणारे होतेच. मुले बसतातही, पण त्यांच्या शेजारी औषधाची पिशवी घेतलेले आजोबा बसतात, आणि संभाजी उद्यानातून बाहेर पडून दमलेली नातवंडे घेऊन त्यांच्या आज्याही बसतात. बाक मागताना नेमके काय मागावे, हेही ठाऊक हवे. त्याला पाठ हवी, आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण म्हातारपणी बसण्यापेक्षा उठणे अवघड असते. तो चढ संपतो तिथे हवा, सावलीत हवा, दवाखान्याच्या आणि बसथांब्याच्या मधोमध हवा. नगरसेवकाच्या नावाला मोठी अक्षरे मिळावीत म्हणून पाठ रुंद केली, तर तेवढ्यापुरता स्वार्थ मला मान्य आहे.

पाट्या लिहिण्यात आमच्या शहराचा हात कोणी धरू शकणार नाही, पण ही सारी प्रतिभा निषेधात खर्च होते. इथे वाहन लावू नये, लावल्यास हवा सोडली जाईल. इथे बसू नये. घंटा एकदाच वाजवावी. याच शब्दसामर्थ्याचा थोडा अंश कामाच्या माहितीकडे वळवला तर काय बिघडेल? ‘पिण्याचे पाणी आत आहे, मागावे, संकोच करू नये.’ ‘स्त्रियांसाठी स्वच्छतागृह डाव्या हाताच्या गल्लीत, दोनशे पावलांवर, कुलूप असल्यास किल्ली समोरच्या किराणा दुकानात.’ ‘या थांब्यावरून शेवटची बस रात्री केव्हा सुटते, ते खाली लिहिले आहे, वाचल्याशिवाय आम्हास विचारू नये.’ खवचटपणाही राहील आणि वाटसरूची सोयही होईल. बसथांब्याचे नाव रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसते, बसमध्ये बसलेल्याला मात्र दिसत नाही. ते खिडकीच्या उंचीवर आणखी एकदा लिहिण्यासाठी रंगाचा एक डबा लागतो.

शहर सुधारणाऱ्या लहान कल्पनांपैकी मला सर्वांत थोर वाटणारी कल्पना याच शहरात जन्मली, आणि ती कोणा नियोजनकाराची नाही. पुण्यात घरोघरचा कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद, बहुसंख्य स्त्रिया, गोळा करतात. हा कचरा त्यांना हातांनी वेगळा करावा लागतो, आणि वापरलेले सॅनिटरी पॅड व डायपर उघडे किंवा कशाही पिशवीत कोंबलेले आले, तर त्यांच्या वाट्याला काय येते याची कल्पना करता येईल. यावर निघालेला तोडगा असा, की अशी वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळावी आणि वर लाल रंगाचा एक ठिपका काढावा. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला काढता येते. एक रद्दीचा कागद आणि मुलाच्या दप्तरातले स्केचपेन. त्यासाठी निविदा नको, उद्घाटन नको. तरीही अनेक घरांत हा ठिपका उमटत नाही, याला माझ्या मते आळसापेक्षा लाज अधिक कारणीभूत आहे. जी गोष्ट आपण घरात मोठ्याने बोलत नाही, ती पुडीवर लाल रंगाने घोषित कशी करायची, असा तो संकोच असतो. तो आपल्याला परवडतो, कारण पुडी उघडणारा हात दुसऱ्याचा असतो.

लहान कल्पनांचा एक दोषही सांगितला पाहिजे. त्या फार लवकर अनाथ होतात. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणून पेठांतून हौद बांधले. ते दीर्घकाळ चालले, कारण गाळ काढण्याची आणि नळ राखण्याची तजवीज होती. आजची पाणपोई उन्हाळ्याच्या तोंडावर फीत कापून सुरू होते, आणि जूनपर्यंत तिची तोटी, मग पेला आणि शेवटी पाणी या क्रमाने सर्व नाहीसे होते. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. त्याचे मी स्वागतच केले, परंतु चालणे ही काही वर्षातून एकदा पाळायची तिथी नव्हे. म्हणून कुठलीही नवी सोय मागताना तिची काळजी रोज कोण घेणार, हे आधी विचारावे, आणि उत्तर ‘प्रशासन’ असे आले तर आणखी एकदा विचारावे.

पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याची पद्धत सुरू झाली. प्रभागातील रहिवाशाने अर्ज करून आपल्या भागातले पाच लाख रुपयांपर्यंतचे काम सुचवावे, अशी ती सोय आहे. पाच लाखांत उड्डाणपूल होत नाही, हेच तिचे मोठेपण. मी आमच्या गल्लीच्या वळणावर, पर्जन्यवृक्षाखाली, दोन्ही बाजूंना हात असलेला एक बाक सुचवणार आहे. तो रोज पुसण्याची जबाबदारी समोरच्या औषधाच्या दुकानदाराने तोंडी स्वीकारली आहे. त्याची अट एकच आहे, की बाकावरच्या पाटीचा मजकूर तो स्वतः लिहील, आणि त्या मजकुराविषयी आमची बोलणी अजून चालू आहेत.