केस कधी देणार, असे तुम्ही विचारलेत म्हणून

ऑपरेशन थिएटरबाहेर चपला बदलताना, राउंड संपल्यावर लिफ्टपाशी आणि परवा तर परळच्या बस थांब्यावर गाठून तुम्ही निवासी डॉक्टरांनी मला विचारलेत, 'मॅडम, केस कधी देणार?', म्हणजे आम्हाला स्वतःच्या हाताने शस्त्रक्रिया कधी करू देणार? प्रश्न रास्त आहे. एमएसची, म्हणजे शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणाची, तीन वर्षे दुर्बिणीचा कॅमेरा धरण्यातच घालवायची का, असे निवासी असताना ड्यूटी रूममध्ये कटिंग पिताना आमच्या सरांच्या नावाने मीही कुरकुरत असे.

स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागल्याच्या चौथ्या महिन्यात मी तिसऱ्या वर्षाच्या एका निवासी डॉक्टरला दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची केस दिली. पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच रचना, त्याची नळी आणि धमनी, मोकळ्या दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही, हे त्यालाही पाठ होते. पण कॅलोच्या त्रिकोणातली, म्हणजे या दोन्ही जिथे शोधायच्या त्या जागेतली, चरबी निघत नव्हती आणि तो विजेने ऊती कापणारा हुक चालवतच राहिला. मी 'थांब' म्हणायला हवे होते. ऐन वेळी माझ्या हातातून साधने काढून घेणारे सर मला आठवले, तसे व्हायचे नाही म्हणून मी गप्प राहिले, आणि धमनीतून रक्त उसळून सगळा पडदा लाल झाला. मग मीही एक शब्द न बोलता त्याच्या हातातून साधन ओढून घेतले. रक्त आवरेना, तेव्हा पोट उघडले. तो जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरून उभा होता. मास्कमधल्या वाफेने चष्मा धुरकटला होता, पण तो पुसून द्या, असे सिस्टरना सांगण्याचेही त्याला सुचत नव्हते. पित्तनलिका शाबूत राहिली, रुग्ण आठव्या दिवशी घरी गेला. नातेवाइकांना मी 'रक्तस्राव झाला' एवढेच सांगितले. कोणाच्या हातून, हे मराठीत किती सहज गाळता येते!

१९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. उदवाडियांनी देशातली पहिली अशी शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्यांना केस कोणी दिली होती, असे तुमच्यापैकी एकाने मला ऐकवले. ऐकवा, पण उघड्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या त्या हातांशी माझी तुलना करू नका. तुमच्या हातून बिघडलेले मला निस्तरता येईल का, ही माझी शंका आहे. मग हात मुरलेल्या आमच्या सरांनी तरी केस का दिल्या नाहीत, असे माझ्यातली जुनी निवासी विचारते, आणि तिथे मी अडखळते.

सध्या पित्ताशय यकृतापासून सोडवणे तुमच्याकडे, त्रिकोण माझ्याकडे. अशाने तुम्ही त्रिकोण शिकणार कधी, हे मला सांगता येत नाही. त्या मुलाने मात्र त्यानंतर माझ्याकडे केस मागितलेली नाही.